‘डिंगो’ स्काऊट कारचं १/३५ मॉडेल: जोडणीपासून धुळीपर्यंत

स्काऊट कारचं, म्हणजे टेहळणीच्या छोट्या चिलखती गाडीचं, किट विकत घेणाऱ्याचा पहिला समज असतो की हे रणगाड्यापेक्षा सोपं काम आहे. पट्ट्यांची कटकट नाही, टरेट (तोफेचा फिरता घुमट) नाही, भागही थोडे. भाग थोडे हे खरं, सोपं मात्र नाही. रणगाड्याचा वरचा भाग एकदा चिकटवला की आतल्या चुकांवर कायमचं झाकण बसतं. स्काऊट कारचा वरचा भाग बहुधा उघडाच असतो. सीट, गिअरचा दांडा, वायरलेस सेट, सगळं उघड्यावर. त्यात गाडी एवढीशी की बघणारा आपसूक वाकून आतच डोकावतो. म्हणून ‘आधी सगळं जोडू, मग रंगवू’ हा क्रम इथे चालत नाही. जोडणं आणि रंगवणं आलटूनपालटून करावं लागतं, आणि कोणता भाग कधी *चिकटवायचा नाही* हे ठरवण्यातच निम्मं काम आहे.

उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश डेमलर ‘डिंगो’ घेतली आहे. अमेरिकन एम३ए१ व्हाइट असो की डिंगोचीच वारसदार फेरेट, कामाची पद्धत बरीचशी हीच.

गाडी आधी समजून घ्या

डिंगोचा नमुना बीएसए कंपनीने १९३८ मध्ये बनवला. चाचण्यांत तिच्यासमोर अल्व्हिस आणि मॉरिसचे नमुने होते. ‘डिंगो’ हे नाव मुळात अल्व्हिसच्या गाडीचं. स्पर्धा जिंकली बीएसएने आणि लोकांच्या तोंडी राहिलं हरलेल्या गाडीचं नाव. उत्पादन बीएसएच्याच गटातल्या डेमलरने केलं आणि १९४५ पर्यंत ६,६२६ गाड्या बाहेर पडल्या. कॅनडात फोर्डने तिच्यावरून ‘लिंक्स’ केली, आणि इटलीत लान्चियाने सरळ नक्कल करून ‘लिन्चे’ काढली.

मॉडेल करणाऱ्याला कामाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. गाडीची लांबी ३.१८ मीटर, रुंदी १.७१ आणि उंची दीड मीटर. म्हणजे १/३५ मध्ये, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या मापात, जेमतेम ९ सेंटिमीटर लांब आणि सव्वाचार सेंटिमीटर उंच. एवढ्या आकारावर रंगाचा जाड थर, जाड खरचटे, जाड धूळ, सगळं लगेच अंगावर येतं.

समोरचं चिलखत ३० मिलिमीटर होतं. १/३५ मध्ये ते भरतं ०.८६ मिलिमीटर. बाकीचा पत्रा त्याहून पातळ. किटचं प्लास्टिक साधारण एक मिलिमीटरचं असतं, त्यामुळे समोरच्या पत्र्याला ते शोभतं. पण उघडी झडप आणि छपराच्या कडा रणगाड्यासारख्या जाड दिसतात. यावर उपाय पुढे येईल.

टायर हवेचे नव्हते, जवळजवळ भरीव रबराचे होते. पंक्चरचा प्रश्नच नाही, म्हणून गाडीला स्टेपनीही नाही. वजन दाखवायला मॉडेलचे टायर खालून घासून चपटे करायची एक पद्धत आहे. ट्रकला ती शोभते, डिंगोला नाही.

इंजिन मागे, सहा सिलिंडरचं, अडीच लिटरचं, ५५ अश्वशक्तीचं. प्रीसिलेक्टर (पुढचा गिअर आधीच निवडून ठेवता येणाऱ्या) गिअरबॉक्समुळे पाचही गिअर उलट्या दिशेने वापरता येत. शत्रू दिसला की तोंड न फिरवता मागे पळायचं, हेच तर टेहळणी करणाऱ्या गाडीचं कसब. एकच डिफरन्शियल, तिथून दोन्ही बाजूंनी चाकांकडे जाणारे स्वतंत्र शाफ्ट, आणि प्रत्येक चाकाला वेगळी कॉइल स्प्रिंग. आडवा अ‍ॅक्सल नसल्यामुळे गाडी इतकी बुटकी ठेवता आली. पोटाखाली सपाट पत्रा, खडकावरून घसरत जाता यावं म्हणून.

आणि सुरुवातीच्या गाड्यांची चारही चाकं वळायची. नवख्या ड्रायव्हरांना ते झेपेना, म्हणून मार्क २ पासून फक्त पुढची वळणारी राहिली. मॉडेलमध्ये चाकं वळवून ठेवायची असतील तर हे पक्कं लक्षात ठेवा: मार्क १ मध्ये मागची चाकं पुढच्यांच्या *उलट* दिशेला वळतात, मार्क २ मध्ये मागची सरळच. जाणकार माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो.

बाकी उपप्रकार पटकन सांगतो. मार्क १ चं छप्पर सरकतं, मार्क १ए ला घडीचं. मार्क १बी मध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या हवेची दिशा उलटी झाली आणि जाळ्या बदलल्या. मार्क २ मध्ये स्टीअरिंगसोबत दिवेही बदलले. मार्क ३ ला छप्परच नाही.

कोणतं किट

दोन नावं पुढे येतात. तामियाचं मार्क २ हे १९७० च्या दशकातलं जुनं किट. भाग मोजके, जुळणी बरी, बारकावे त्या काळाला साजेसे. किएव्हच्या मिनिआर्टने मार्क १ए, १बी, २ आणि जर्मनांनी पळवलेली गाडी अशा कितीतरी पेट्या काढल्या. त्यात आतली सजावट भरपूर, फोटो-एच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे) पत्रे, आणि काही भाग इतके नाजूक की स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) सोडवतानाच जीव टांगणीला. पहिलीच चिलखती गाडी करत असाल तर माझं मत तामियाच्या बाजूने. बारकावे कमी पडले तर तुम्ही भरू शकता. किटने तुम्हाला थकवलं तर ते अर्धवट कपाटात जातं.

आधी फोटो, मग रंग

किट उघडण्याआधी एक ठरावीक गाडी, एक ठिकाण, एक वर्ष निवडा. शक्यतो खऱ्या गाडीचा फोटो समोर ठेवा. रंगापासून चिखलापर्यंत पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरून होतो.

ब्रिटिश रंगांचा गोंधळ मोठा आहे, पण वर्षं धरली की सुटतो. इंग्लंडमध्ये युद्धाच्या सुरुवातीला खाकी ग्रीन नंबर ३. पुढे हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली आणि १९४२ पासून गाड्या तपकिरी झाल्या. हाच एससीसी (स्टँडर्ड कॅमोफ्लाज कलर) २. त्यावर बऱ्याचदा काळे पट्टे किंवा गोलाकार ठिपके. १९४४ मध्ये ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे एससीसी १५ आला. अमेरिकेकडून येणाऱ्या गाड्या त्याच छटेच्या असल्याने त्या पुन्हा रंगवायची गरज उरली नाही. नॉर्मंडीची गाडी करायची तर हा रंग, किंवा जुनी तपकिरी तशीच राहिलेली.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात वेगळंच. १९४० ते १९४१ मध्ये तिरप्या सरळ पट्ट्यांची कॉन्टर पद्धत: लाइट स्टोन, सिल्व्हर ग्रे आणि स्लेट. जुन्या मॉडेलांत आणि काही संग्रहालयांत यातला सिल्व्हर ग्रे चक्क आकाशी दिसतो. तो निळा नव्हता. हिरवट झाक असलेला करडा होता. १९४२ च्या अखेरीस डेझर्ट पिंकवर गडद ऑलिव्हचे पट्टे, आणि १९४३ पासून इटलीत लाइट मडवर निळसर काळे.

इटलीचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळची आघाडी तीच. १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री (पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन) ८ व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो तिच्यात. त्याआधी १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे धारातीर्थी पडले ते ३/५ मराठाचे. ८ व्या डिव्हिजनची खूण म्हणजे लाल चौकोनात तीन पिवळी फुलं. ती किटच्या डिकॅलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांत) मिळणार नाही, बारीक ब्रशने काढावी लागेल. मात्र त्या डिव्हिजनच्या डिंगोचा फोटो सापडेपर्यंत ती लावू नका. मनातलं दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, फक्त खाली पाटीवर तसं लिहा.

प्रत्यक्ष चिलखत बघायचं असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये ते सुरू केलं आणि तिथे रोल्स-रॉइस आर्मर्ड कारपासून विजयंता रणगाड्यापर्यंत गाड्या आहेत. तिथून रंग उचलू नका, कारण संग्रहालयातल्या गाड्या अनेकदा नव्याने रंगवलेल्या असतात. बघायचं ते वेल्डिंग कसं दिसतं, बोल्टच्या डोक्याभोवती पाणी कुठे साचतं, आडव्या पत्र्यावर धूळ कशी बसते आणि उभ्यावर कशी ओघळते. ते डोळ्यात बसलं की घरी फोटोंतही दिसू लागतं.

सामान

चांगलं निपर, बदलत्या पात्याचं कटर, बारीक टोकाचा चिमटा, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, पातळ प्लास्टिक सिमेंट, फेविक्विक, मास्किंग टेप, टूथपिक आणि काचेचा किंवा ग्रॅनाइटचा एक सपाट तुकडा. शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि डिंगोला तीच सगळ्यात लागते. एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरच्या सुईचा पुरे. नसेल तर डब्यातला स्प्रे प्रायमर आणि हाताने ब्रश, यावरही ही गाडी छान होते; पृष्ठभाग लहान आहे.

सोडवणं आणि घासणं

स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवून वाळवा. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेलं तेल उरलं तर रंग धरत नाही.

भाग दोन टप्प्यांत कापा. आधी मिलिमीटरभर शेपटी ठेवून, मग कटरने सपाट. एका फटक्यात कापलं की भागावर पांढरट डाग आणि खड्डा पडतो. नाजूक दांडे निपरने दाबून तोडू नका, तडकतात. बारीक करवतीने कापा. साच्याच्या रेघा कटरची धार आडवी धरून खरवडल्या की निघतात. स्प्रिंगवरच्या रेघा दिसतात, त्या काढाच. पोटाखालच्या राहिल्या तर कोणी उलटून बघणार नाही.

चेसिस: चार चाकं एका पातळीत

इथे घाई केली तर शेवटपर्यंत भोगावं लागतं. प्रत्येक चाकाची जोडणी स्वतंत्र असल्याने चारही हब थोडे थोडे वेगळ्या कोनात बसू शकतात, आणि मग पूर्ण झालेली गाडी तीन चाकांवर उभी राहते.

आधी खालचा सांगाडा काटकोनात आहे का ते बघा. वाकलेला असेल तर गरम पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करा. मग चारही बाजूंचे सस्पेन्शनचे हात *एकाच बैठकीत* लावा, आणि त्यासाठी अतिपातळ सिमेंट नको, जरा दाट आणि सावकाश सुकणारं घ्या. लावून झाल्यावर चाकं नुसती अडकवा, चिकटवू नका, आणि गाडी काचेवर ठेवा. पोटाखाली दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे तुकडे सरकवा म्हणजे उंची सारखी राहील. समोरून आणि मागून डोळ्याच्या पातळीवर बघून चाकं सरळ करा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. एखाद्या चाकाखालून ती अलगद गेली तर तेवढाच सांधा सिमेंटने पुन्हा मऊ करून दाबा.

चाकं वळवायची असतील तर ती आत्ताच. स्टीअरिंगच्या सळ्या कापून नव्या मापाने लावाव्या लागतील.

मग चाकं काढून घ्या आणि टूथपिकवर लावून बाजूला ठेवा. रबराला शुद्ध काळा कधीच देऊ नका. तामियाचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक किंवा गडद करडा द्या. आधी रबर रंगवा, मग चाकाच्या मापाचं गोल भोक पाडलेला जाड कागद वर ठेवून रिमला गाडीचा रंग मारा.

आतली बाजू: खरं काम इथे

आतला भाग तीन ढिगांत विभागतो. जमीन आणि भिंतींना कायमचं चिकटलेलं, वेगळं रंगवून मग लावायचं, आणि सगळ्यात शेवटी, बाहेरचा रंग झाल्यावर आत सोडायचं. सीट, वायरलेस, ब्रेन गनच्या (हलक्या मशीनगनच्या) मॅगझिनच्या पेट्या दुसऱ्या ढिगात. स्टीअरिंग, गन आणि माणसं तिसऱ्या.

रंग कोणता? बंद ब्रिटिश चिलखती गाड्या आतून रुपेरी किंवा पांढऱ्या असत. छप्पर उघडं राहणाऱ्या गाडीत वरून दिसेल असा भाग बाहेरच्या रंगाचा ठेवला जाई, नाहीतर विमानातून चमकेल. तुमच्या वर्षाच्या गाडीचा फोटो बघून ठरवा. पांढरा असला तरी निव्वळ पांढरा मारू नका. थोडा पिवळसर करडा मिसळला की तो खेळण्यासारखा दिसत नाही.

रंग सुकला की गडद तपकिरी पातळ वॉश (खूप पातळ केलेला रंग) कोपऱ्यांत सोडा. जमिनीवर बुटांची ये-जा असते, म्हणून तिथे आणि चढताना पाय पडतो त्या कडेवर २बी पेन्सिलीचं टोक हलकं घासा. शिशाची चकाकी नेमकी झिजलेल्या पोलादासारखी येते. सीटच्या चामड्याला तपकिरीच्या दोन छटा पुरतात: सुरकुतीत गडद, उंचवट्यावर फिकट.

वायरलेस सेटला किटमध्ये वायर नसेल तर जुन्या इअरफोनच्या आतली तांब्याची केसासारखी तार घ्या. सेटपासून हेडफोनपर्यंत दोनच तारा, त्याही थोड्या सैल लोंबकळत्या, आणि आतला भाग जिवंत होतो. याहून जास्त सजावट केली तर माणसं आत मावत नाहीत. माणसं बसवून बघायची वेळही हीच. दोन सीटच्या त्या खोबणीत जाकीट घातलेले दोन सैनिक कोंबायचे म्हणजे कधी कोपर घासावं लागतं, कधी सीटचा तळ. रंगवल्यावर हे करायला गेलात तर रंग जाईल.

जवळपास काच किंवा पारदर्शक भाग असेल तर फेविक्विक वापरू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं धरतं आणि ते जात नाही. तिथे पांढरा फेविकॉल, तोही टूथपिकच्या टोकावर.

वरचा भाग बंद करताना

आता जाड कडांचा उपाय. उघड्या ठेवायच्या झडपांच्या आणि छपराच्या कडा आतल्या बाजूने तिरक्या घासा, म्हणजे बाहेरून दिसणारी कड निम्मी होते. भाग आहे तसाच जाड राहतो, पण डोळ्याला पातळ पत्रा दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि महागड्या फोटो-एच संचापेक्षा जास्त फरक पाडतं.

दोन भागांच्या सांध्यात फट राहिली तर आधी विचार करा, की खऱ्या गाडीला तिथे सांधा आहे का? असेल तर ठेवा. नसेल तर फेविक्विक भरून वर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, क्षणात घट्ट होतो. पण तो दगडासारखा होण्याआधी लगेच घासायचा. फोटो-एचचे पत्रे टाइलवर कापा, वाकवण्याआधी मेणबत्तीवर किंचित लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या. मऊ पडतात, मोडत नाहीत.

बंद केल्यावर आतला भाग ओल्या टिश्यूच्या गोळ्यांनी भरून टाका, कोपऱ्यांसकट. मास्किंग टेपने उघड्या कडा झाकत बसण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि काढताना काही उखडत नाही.

प्रायमर, रंग आणि आपली हवा

करडा प्रायमर पातळ मारा आणि टॉर्च आडवी धरून गाडी फिरवून बघा. राहिलेल्या रेघा आणि बोटांचे ठसे या उजेडात उघडे पडतात. दुरुस्त करा, पुन्हा प्रायमर.

हवेचा विषय परदेशी व्हिडिओत येत नाही, आपल्याला मात्र दर वर्षी नडतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलैच्या धो धो पावसात लॅकर रंग मारला तर तो पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना थंडावलेल्या पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते. एसी चालू करून तासाभराने मारा, नाहीतर उघाडीची वाट बघा. विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात उलटं. अ‍ॅक्रेलिक सुईच्या टोकावरच सुकतो आणि मॉडेलवर खरखरीत धूळ होऊन बसतो. तिथे रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब, सकाळची वेळ, आणि जवळून फवारणी. थिनरचा वास कुठेही असला तरी खिडकी उघडी आणि तोंडावर गाळणीचा मास्क. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

रंग पातळ ताकाइतका करा आणि १५ ते २० पीएसआयवर मारा. बाटलीतला मूळ रंग १/३५ वर जरा गडद वाटतो, त्यात दहाव्या हिश्शाने फिकट पिवळसर मिसळा. ‘एके’ कंपनीच्या ‘रिअल कलर्स’ रंगांमध्ये ब्रिटिश छटा त्यांच्या मूळ नावाने मिळतात, मिश्रणाची डोकेदुखी वाचते. आधी सगळीकडे मूळ छटा, मग आडव्या पृष्ठभागांच्या मध्यभागी जराशी फिकट. पत्रा न् पत्रा वेगळ्या उजेडात रंगवायची फॅशन मोठ्या रणगाड्यावर खपते. ९ सेंटिमीटरच्या गाडीवर ती चौकटीच्या लुंगीसारखी दिसते.

कॅमोफ्लाजच्या कडा ब्रिटिश गाड्यांवर बहुधा ठाशीव असत, म्हणून एअरब्रशच्या धुरकट कडा टाळा. पेन्सिलीने हलकी बाह्यरेखा काढून ब्रशने रंगवलेलं उत्तम. कॉन्टरच्या सरळ पट्ट्यांना मात्र टेप हवीच. लाइट स्टोन सगळ्यात आधी, मग मधली छटा, शेवटी सगळ्यात गडद. टेप काढताना तिची स्वतःवरच घडी पाडत, सपाट मागे ओढा.

डिकॅल

मॅट रंगावर डिकॅल लावलं की खाली हवा अडकते आणि फिल्म चांदीसारखी चमकते. म्हणून तेवढ्या जागेवर ग्लॉस क्लिअर. डिकॅल कोमट पाण्यात, चिमट्याने नाही तर ओल्या ब्रशने सरकवा, वर मऊ करणारं सोल्युशन. सोल्युशन लावल्यावर ते सुरकुततं. घाबरून हात लावू नका, सुकताना आपोआप ताणलं जातं. पायदळ डिव्हिजनच्या रेकनिसन्स रेजिमेंटची गाडी असेल तर वर हिरवा, खाली निळा असा चौकोन आणि त्यात पांढरा ४१. शेवटी सगळीकडे मॅट.

वॉश आणि खरचटे

महागड्या बाटल्यांऐवजी कॅमलचे आर्टिस्ट ऑइल रंग घ्या. रॉ अंबर आणि थोडा काळा पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट सुकतो. मग तो बिनवासाच्या टर्पेंटाइनमध्ये पातळ करा. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त टर्पेंटाइन नको, ताणलेल्या सांध्यांत शिरून प्लास्टिक तडकवतं. पातळ ब्रशने फक्त बोल्टच्या बुडाशी आणि सांध्यात सोडा, अख्खी गाडी भिजवू नका. अर्ध्या तासाने स्वच्छ ब्रशने वरून खाली पुसा.

खरचट्यांत बहुतेक जण वाहवत जातात. लढाईतली गाडी वर्षानुवर्षं गंजत उभी नसते. रंग उडाला तर खाली आधीचा रंग दिसतो, आणि गंज सायलेन्सरवर. एससीसी १५ ची गाडी असेल तर खरचट्यातून जुना तपकिरी डोकावू द्या. एवढ्याने गाडीला दोन वर्षांचा इतिहास मिळतो. स्पंजचा तुकडा रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत ठोका, मग सैनिक चढतात त्या कडा, छपराची झडप आणि मडगार्डचे कोपरे, एवढीच ठिकाणं. खरं पोलाद दिसावं अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

धूळ आणि चिखल

आधी एक्सएफ-५७ बफ पाण्यासारखा पातळ करून खालच्या तिसऱ्या हिश्शावर धुक्यासारखा मारा. मागच्या चाकांच्या मागे जास्त, कारण धूळ तिथेच उडते. मग कोरडी पिगमेंट, म्हणजे रंगाची बारीक पूड. ती नसतील तर सॉफ्ट पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून केलेली पूड. ब्रशने टाका आणि थिनरचा थेंब शेजारी सोडा, तो आपोआप पसरून पूड धरतो. आफ्रिकेची धूळ फिकट आणि कोरडी, वर छपरापर्यंत. इटलीच्या हिवाळ्याचा चिखल गडद, चाकांवर आणि पोटाखाली. त्यासाठी चाळलेली बागेतली माती, पिगमेंट आणि पातळ फेविकॉल. टायरच्या खाचांत चिखल राहतो, जमिनीला टेकणारा भाग मात्र स्वच्छ घासला जातो. इंजिनाच्या झाकणांच्या कडेला आणि पेट्रोलच्या तोंडाशी तेलाचे चार चमकदार डाग.

सामान लादणं

फोटोंत गाड्या सामानाने भरलेल्या असतात, मॉडेल मात्र बऱ्याचदा शोरूममधून आलेली दिसतात. वळकट्यांसाठी एम-सील ओल्या बोटांनी मळा, टाल्कम पावडरवर लाटा, गुंडाळा आणि टूथपिकने सुरकुत्या पाडा. पातळ ताडपत्रीसाठी ते जाड पडतं. तिथे टिश्यूवर पातळ फेविकॉल. पट्टे मास्किंग टेपच्या केसाएवढ्या कापांचे. कॅमोफ्लाजच्या जाळीला केमिस्टकडचा गॉझ चहाच्या पाण्यात रंगवून. १९४१ च्या गाडीवर पत्र्याचे चौकोनी डबे ठेवा. जेरीकॅन ठेवायचे तर मोजकेच, जर्मनांकडून पळवलेले.

तिसरा ढीग आता: स्टीअरिंग, माणसं, ब्रेन गन. दिव्याच्या वाटीत आधी रुपेरी, वर यूव्ही रेझिनचा एक थेंब. एरियल सगळ्यात शेवटी. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर, ज्योतीपासून दोन बोटं वर फिरवत धरा. लवचिक झाला की बाजूला घेऊन सावकाश ओढा. बुडाशी ०.३ मिलिमीटर भरेल असा भाग निवडा. तो लावला की गाडी उचलताना फक्त चाकांना धरायचं, आणि डब्यात ठेवायची असेल तर डबा एरियलपेक्षा उंच घ्यायचा.